सात नंबरचा मुकादम

बटण मीच दाबलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्यांच्या नावाने बोटं मोडणार आहे त्यांना "आधी स्वतःकडे बघा" म्हणायची सोय राहायला नको. हुकूम पाचव्या मजल्यावरून आला होता, सही साहेबांची होती, पण बोट माझं होतं.

शहराच्या गटारांत विषारी वायू साठतो. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या डब्या बसवायच्या आणि चालू ठेवायच्या, हे माझं काम. साबणाच्या वडीएवढी एकेक डबी, मॅनहोलच्या झाकणाखाली साखळीने टांगलेली. दर पंधरा मिनिटांनी ती जागी होते, हवा हुंगते, आकडा सांगते आणि पुन्हा झोपते. आकडा दहाच्या वर गेला की कोणी उतरायचं नाही, असा नियम आहे. खाली ना वायर, ना वीज. डबीजवळ जन्माची शिदोरी म्हणजे एक बॅटरी. हुंगायला ती फारशी लागत नाही, झोपायला तर नाहीच. लागते ती बोलायला, आणि जितकं लांबचं बोलणं तितकी जास्त.

म्हणून प्रत्येक डबीने पाण्याच्या टाकीवरच्या मनोऱ्यापर्यंत ओरडत बसायचं नाही. आठ डब्यांचा एक गट करायचा. सात जणींनी जवळच्या आठवीच्या कानात कुजबुजायचं आणि आठवीने सगळ्यांचे आकडे गोळा करून एकदाच काय ते मनोऱ्याला कळवायचं. आता ही आठवी दमणार, हे उघड आहे. म्हणून दर सहा तासांनी हिशोब व्हायचा आणि त्या घडीला जिच्यात सगळ्यात जास्त जीव असेल तिच्याकडे ते काम जायचं. असं केलं की आठही जणी दहा महिने टिकतात आणि साधारण एकाच वेळी म्हाताऱ्या होतात.

हे मी कॉलेजात शिकले होते, पण कळलं दादामुळे. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, गटारात उतरणाऱ्या टोळीत. टोळी चौघांची. दादा, ताडमाड उंच म्हणून लांब्या, फुंकर मारली तर उडेल असा म्हणून पहिलवान, आणि सगळ्यात वयस्क मास्तर. मास्तर कधी शाळेत शिकवायला नव्हते, पण पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. टोळीचा एक कायदा होता, कुठे लिहिलेला नाही, पण पक्का. एकदा खाली जाऊन आलेला माणूस त्या दिवशी परत उतरायचा नाही. आज तू, उद्या मी, परवा तो. कोणाची छाती किती भरली आहे ते बाकीच्यांना तोंड बघून कळायचं, आणि दमलेला "मी जातो" म्हणाला तरी त्याला शिव्या देऊन बसवायचे.

डब्या बसवल्या तेव्हा मी त्यांना हा सगळा प्रकार चहा पिता पिता समजावला होता. मास्तर म्हणाले, "म्हणजे मुकादमकी फिरती ठेवलीस. शहाणी आहेस. आमचं बघून शिकलीस ना?"

तेव्हापासून गटाच्या त्या बोलक्या डबीचं नाव मुकादम पडलं. ऑफिसातही आम्ही तेच म्हणायला लागलो.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट बोलून गेले, आणि ती मला अजून खाते. त्यांच्याकडे हातातलं एक जुनं मीटर होतं. झाकण उघडून तासभर हवा खेळू द्यायची, मग ते दोरीने खाली सोडायचं आणि मगच माणूस सोडायचा, अशी त्यांची रीत. मी दादाला म्हणाले, "तुमच्या मीटरपेक्षा आणि तुझ्या नाकापेक्षा माझी डबी भरवशाची आहे." दादा हसला आणि लांब्याला म्हणाला, "ऐकलंस? बहीण आहे माझी." पुढे महिन्याभरात ते मीटर ऑफिसने परत मागून घेतलं, 'दुहेरी व्यवस्थेची आवश्यकता नाही' म्हणून. तेव्हापासून ऑफिसला पडद्यावरचा आकडा विचारायचा आणि लगेच उतरायचं.

आता साहेब. साहेब पाचव्या मजल्यावर बसतात. त्यांच्या खोलीत भिंतभर पडदा आहे, त्यावर शहराचा नकाशा, आणि नकाशावर गट. प्रत्येक गटाखाली त्याच्या मुकादमाचा नंबर. साहेबांनी स्वतः कधी एक झाकण उघडून पाहिलं नसेल. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात, तसं. एक दिवस त्यांनी मला वर बोलावलं.

"मॅडम, शाळेमागच्या गल्लीचा प्रमुख सकाळी तीन नंबर होता. आता पाच आहे. हे काय चाललंय?"

मी समजावलं. जीव वाटून घेतात, साहेब, म्हणून सगळ्या टिकतात.

"ते ठीक आहे हो. पण उद्या काही झालं तर मी जाब कोणाला विचारायचा? रोज वेगळा प्रमुख म्हणजे कोणीच प्रमुख नाही."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. बॅटरीवर चालणाऱ्या डबीला जाब विचारायचा! मी हसलेसुद्धा. साहेब हसले नाहीत. आठवड्याने परिपत्रक आलं, मथळा 'एक जागा, एक नाव'. प्रत्येक गटाला कायमचा एकच प्रमुख नेमावा. पडद्यावर रिकामी चौकट दिसू नये. नवा आकडा आला नाही तर शेवटचा आकडा दाखवावा. आणि तिसरं कलम माणसांसाठी. प्रत्येक टोळीत खाली उतरणाऱ्या कामगाराचं नाव अर्जावर निश्चित असावं, ते वारंवार बदलू नये.

दादाच्या टोळीचं नाव कोणी भरलं? ऑफिसातल्या कारकुनाने. यादीत पहिलं नाव दादाचं होतं, म्हणून दादा. संपलं.

मी लेखी कळवलं. एकदा नाही, दोनदा. की एकाच डबीला कायम मुकादम ठेवलं तर ती दहा महिने नव्हे, जेमतेम पाच-सहा आठवडे टिकेल. आणि ती गेली की उरलेल्या सात जणी जिवंत असूनही मुक्या होतील, कारण त्यांचं कुजबुजणं ऐकायला कोणी नसेल. उत्तर आलं की बॅटरी बदलण्याचं वेळापत्रक वार्षिक आहे, त्यानुसार कार्यवाही होईल. दुसऱ्या पत्राला उत्तरच आलं नाही. मग मी काय केलं? बटण दाबलं. शाळेमागच्या गल्लीत सात नंबरची डबी मनोऱ्याला सगळ्यात जवळची, म्हणून तिला मुकादम केलं. जवळ असणं हा तिचा गुन्हा. नोकरी आहे, घर आहे, आपण कळवलंय ना लेखी, असं मनाशी म्हणत घरी गेले आणि व्यवस्थित जेवले.

पाच आठवडे गेले. या पाच आठवड्यांत दादा रोज उतरत होता, कधी दिवसातून दोनदा. वहिनीने मला सांगितलं की तो जिना चढताना मध्येच थांबतो आणि चपलेत खडा गेल्याचं सोंग करतो. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, अर्जावर नाव माझं आहे. दुसरा उतरला आणि काही झालं, तर त्याच्या घरच्यांना काहीच मिळणार नाही. नियमात बसत नाही म्हणतील."

"मग मास्तरांनी ऐकून घेतलं?"

"मास्तर पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हते," तो म्हणाला. "पण दोरी तेच धरतात."

दोरी धरण्याचीही एक रीत होती. खाली गेलेल्या माणसाशी सतत बोलत राहायचं. मास्तर पेपर मांडीवर ठेवून शब्दकोडं विचारायचे. आडवा शब्द, तीन अक्षरी, अमुक अर्थाचा. खालून उत्तर यायलाच हवं. उत्तर चुकलं तर चालेल, शिवी आली तरी चालेल, गप्प बसलेलं चालायचं नाही.

मंगळवारी सकाळी मी खालच्या खोलीत एका बिघडलेल्या डबीला डाग देत होते. खरं म्हणजे सोमवारीच मी आकडे बघायला हवे होते. पण सोमवारी दिवसभर मला साहेबांनी पाहुण्यांसाठी रंगीत चित्रांचं सादरीकरण करायला बसवलं होतं. विषय, 'आपली सुरक्षित गटारे'. तर मंगळवारी सहज माझ्या छोट्या पडद्यावर नजर गेली. शाळेमागची गल्ली, आठही डब्या हिरव्या. दोन पूर्णांक एक, एक पूर्णांक आठ, दोन पूर्णांक चार. छान. मग मी मागचे आकडे काढले. सोमवारी दोन पूर्णांक एक, एक पूर्णांक आठ, दोन पूर्णांक चार. रविवारी तेच. शनिवारी दुपारी तीनपासून तेच.

हवा कधी तीन दिवस एका आकड्यावर बसून राहत नाही. ती गटारातली असली तरी हवाच आहे. सात नंबर शनिवारी दुपारीच मेला होता, आणि पडदा तीन दिवस त्याचा शेवटचा शब्द पोपटासारखा बोलत होता.

मी कामाचा तक्ता बघितला. मंगळवार, सकाळी दहा, तुंबलेली नळी, शाळेमागची गल्ली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दादाला फोन लावला, मास्तरांना लावला, लांब्याला लावला. वाजून वाजून बंद. माहीत होतं मला. चौघांचे फोन मास्तरांच्या डब्याच्या पिशवीत असतात, कारण एकदा पहिलवानाचा फोन खाली पडला होता. ऑफिसची गाडी साहेबांना आणायला गेली होती. स्टोअरकीपरची सायकल दारात होती, ती उचलली. चेन ढिली, ब्रेक नावालाच. शाळेपर्यंत सहा मिनिटं लागली असतील. त्या सहा मिनिटांत मी साहेबांना, कारकुनाला, परिपत्रकाला आणि स्वतःला जे काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

गल्लीच्या तोंडाशीच मला मास्तरांचा आवाज ऐकू आला. "आडवा शब्द! अरे, आडवा शब्द! चार अक्षरी!" मग नुसतंच, "ए! ए, बोल की!"

मास्तर दोरी ओढत होते. त्यांचा पेपर झाकणाशेजारी चिखलात पडला होता. पहिलवानाने दोरीच्या मधोमध हात घातला होता. लांब्याचा एक पाय लोखंडी पायरीवर होता, तो खाली निघाला होता, आणि मास्तर ओढता ओढता त्याला ओरडत होते, "तू नाही! तू गेलास तर दोघांना ओढावं लागेल!" मी सायकल टाकली आणि लांब्याची कॉलर धरून त्याला बाहेर खेचलं. मग चौघांनी मिळून ओढलं. माणूस इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. दादाचं डोकं आधी वर आलं, मान एका बाजूला पडलेली, ओठ निळे. आम्ही त्याला रस्त्यावर आडवं केलं. मास्तर त्याच्या छातीवर दाब देत होते आणि अजून कोडंच विचारत होते. काय शब्द होता तो मला आठवत नाही. दादा खोकला. मग मीच रस्त्यावर बसले.

दादा वाचला. पण छातीचं जे नुकसान व्हायचं ते झालं. डॉक्टर म्हणाल्या, एकट्या त्या दिवसाचं नाही हे, पाच-सहा आठवडे रोज थोडं थोडं आत गेलंय. आता कधीच उतरायचं नाही, जिनेही बेताने. दुसऱ्या दिवशी नाकातली नळी जरा बाजूला करून त्याने मला पहिला प्रश्न काय विचारला?

"छोटे, पडद्यावर दोन होतं ना गं?"

मी हो म्हणाले. त्याने डोळे मिटले. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. राग माझ्या एकटीवर येऊन पडला, आणि मी तो साठवून ठेवला.

गुरुवारी साहेबांनी चौकशीची बैठक घेतली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मागे तो भिंतभर पडदा. एका टोकाला मी, शेजारी मास्तर, लांब्या आणि पहिलवान. तिघांनी धुतलेले शर्ट घातले होते. घटनेच्या वेळी वायूचं प्रमाण अहवालानुसार दोन पूर्णांक एक, म्हणजे सुरक्षित होतं, असं कारकुनाने वाचून दाखवलं. सबब, कामगाराची प्रकृती मुळातच नाजूक असण्याची शक्यता तपासावी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या वाक्याला कळलं.

मी पिशवीत हात घातला आणि सात नंबरची डबी टेबलावर ठेवली. साखळीसकट. मंगळवारी दुपारीच मी ती झाकणाखालून काढून आणली होती. तिच्यावरचा चिखल वाळला होता, त्याचे दोन तुकडे साहेबांच्या फाइलवर पडले.

"हे काय?"

"सात नंबर," मी म्हणाले. "शाळेमागच्या गल्लीचा प्रमुख. जाब विचारायचा होता ना तुम्हाला? विचारा."

मग मी पडद्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी माना वळवल्या. शाळेमागची गल्ली, मुकादम सात नंबर, दोन पूर्णांक एक, हिरवा. डबी टेबलावर मेलेली पडली होती आणि पडद्यावर ती गल्लीत टांगलेली, हवा हुंगत, सगळं ठीक आहे म्हणून सांगत होती. कारकुनाने कागद उलटा ठेवला.

साहेब कारकुनाला म्हणाले, "तो पडदा बंद करा."

"पडदा नका बंद करू," मास्तर पहिल्यांदाच बोलले. "परिपत्रक बंद करा. मीटर परत द्या. आमचा उतरायचा क्रम आम्हाला ठरवू द्या, आणि डब्यांचा हिला ठरवू द्या. तोपर्यंत आम्ही कोणी उतरणार नाही. शहर तुंबलं तर तुंबू दे."

"असं चौघांशी बोलता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांना पुन्हा पायाखाली जमीन लागली होती. "तुमचा प्रमुख कोण? एक नाव द्या, मी त्याच्याशी बोलतो."

मास्तर म्हणाले, "आज मी. उद्या हा लांब्या येईल. सोमवारी पहिलवान."

"आणि मंगळवारी?"

मास्तरांनी खाली बघितलं. मंगळवार दादाचा होता. मी म्हणाले, "मंगळवारी मी येईन, साहेब. त्याच्या जागी."

आणि ते खरंच गेले. शुक्रवारी लांब्या गेला, दारात डोकं आपटलं, आत जाऊन त्याच तीन गोष्टी त्याच शब्दांत बोलला आणि परत आला. सोमवारी पहिलवान. त्याला बोलायला जमत नाही, म्हणून त्याने मास्तरांकडून लिहून घेतलं होतं आणि वाचून दाखवलं, दोनदा. दरम्यान शहरात तीन ठिकाणी पाणी रस्त्यावर आलं, त्यातलं एक साहेबांच्याच ऑफिसच्या फाटकाशी. बाकीच्या टोळ्यांनीही झाकणं उघडायचं थांबवलं. साहेब रोज नव्या माणसाला बघून वैतागत होते. ज्याला दमवावं तो दुसऱ्या दिवशी ताजातवाना घरी आणि त्याच्या जागी दुसरा हजर.

मंगळवारी दहाला मी साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसले. मनाशी वाक्यं जुळवत होते, कारण मला एकदा राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चार पायऱ्या, मग थांबणं. चार पायऱ्या, मग थांबणं. कोण असं थांबत थांबत येतंय म्हणून वाकून बघितलं, तर खालच्या वळणावर दादा. मागे वहिनी, चेहरा रडवेला, हातात औषधांची पिशवी. फाटकाशी पाणी आल्यापासून लिफ्ट बंद होती.

मी धावत खाली गेले. "अरे, तुला कोणी सांगितलं यायला? मी आहे ना!"

त्याने हात वर केला, म्हणजे थांब, आधी श्वास घेऊ दे. वहिनी म्हणाली, "तू बघ बाई काय ते. सकाळपासून ऐकत नाहीये. मास्तरांनी सांगितलं म्हणे याला, तुझा दिवस मंगळवार."

उरलेल्या सोळा पायऱ्या तो कठड्याला धरून चढला. चपलेत खडा गेल्याचं सोंग या वेळी केलं नाही. दार त्यानेच ढकललं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. अर्जावर पाच आठवडे ज्याचं नाव होतं तो माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल. त्यांना तो कोण हे कळलंही नाही, मला सांगावं लागलं.

"अहो, तुम्ही कशाला आलात?" साहेब म्हणाले. "तुम्ही झोपून राहायला हवं. ही आली आहे की तुमच्या जागी."

दादाने खुर्ची ओढली, बसला, आणि दोन श्वास घेईपर्यंत आम्हा सगळ्यांना थांबायला लावलं.

"ती तिच्या दिवशी येईल," तो म्हणाला. "आज माझा दिवस आहे."